फोनच्या खोलीत कोण वाचतं?

३ नोव्हेंबर

सकाळी बॅग अजून खांद्यावरून उतरवतोय तोच जलजाक्षी अक्का जिना चढून वर आल्या. धाप लागलेली, फोनचा हेडसेट गळ्यात तसाच. म्हणाल्या, "उमेशा, वेबसाइट तुझी आणि शिव्या माझ्या वाट्याला, हा कुठला न्याय रे?"

झालं होतं असं, की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ मी शनिवारी हॉस्पिटलच्या वेबसाइटवर बदलली आणि खाली फोनच्या खोलीत सांगायचं राहून गेलं. पुत्तूरचा कुणी बाप पोराला घेऊन निघण्याआधी फोन करून विचारतो, अक्का जुनीच वेळ सांगतात, आणि तो उलट त्यांनाच झापतो, "तुमच्या वेबसाइटवर तर दुसरंच आहे. तिथे बसून काय गोळीबजे खाता?"

"गोळीबजे तरी असते तर ऐकूनही घेतलं असतं," अक्का म्हणाल्या.

चूक माझी होती. तरी मी तोंड वर करून म्हणालो, रोज वेबसाइट उघडून बघायला काय होतं? तर म्हणतात, "तुझी पानं ढीगभर. त्यातलं कुठलं बदललं ते आम्हाला स्वप्नात दिसणार?"

त्या खोलीत तिघी आहेत. जलजाक्षी अक्का सगळ्यांत जुन्या. फ्लोसीबाय मस्करेन्हस त्यांच्या खालोखाल. आणि रुखिया, तिचं लग्न व्हायचंय. सगळ्या मंगळूरचं दुखणं त्यांच्या कानातून जातं. त्यांना खरं तेच सांगता यायला हवं. काहीतरी करायला पाहिजे.

१२ नोव्हेंबर

केलं! स्टाफसाठी एक ब्लॉग. वेबसाइटवर काहीही बदललं की त्याच दिवशी एक छोटी पोस्ट, आणि प्रत्येक पोस्टला एक कप्पा: 'डॉक्टर आणि वेळा', 'दर', 'फॉर्म', 'फोन आणि पत्ते', 'बिघाड'. ज्याला जे लागतं त्याने तेवढेच कप्पे निवडायचे. स्वयंपाकघरवाल्याला एक्स-रेचे दर कशाला?

मॅनेजर हेब्बार सरांना दाखवलं. खूश झाले. "आचार्य, तुम्ही बेंगळूरूचं डोकं इथे आणलंत," म्हणाले. बेंगळूरूच्या कंपनीने त्या डोक्याला नारळ दिला होता हे मी काही बोललो नाही. माझी इथली नोकरी मार्चमध्ये कायम व्हायची आहे, ती हेब्बार सरांच्याच हातात.

घरी अम्माला सांगितलं. ती पेज वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे जे तोंडाने सांगायचं ते तू लिहून सांगणार. जिना उतरायचा कंटाळा, दुसरं काय!"

२४ नोव्हेंबर

फोनच्या खोलीत जाऊन शिकवून आलो. तिघींना वेगवेगळं नाव, वेगवेगळा पासवर्ड. फ्लोसीबायनी कपाळाला हात लावला, "बाबा रे, कॉम्प्युटर एक आणि किल्ल्या तीन?" मी म्हटलं, नियम आहे. ज्याने त्याने आपापल्या नावाने उघडायचं, म्हणजे कोणी काय वाचलं ते मला इकडे दिसतं.

अक्का चष्मा वर-खाली करत पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "मिसळणाचा डबा केलास की रे. पण अक्षरं मोहरीएवढी." मी मोठी करायचं बटण दाखवलं. त्यांनी हो हो केलं, पण त्यांना दिसलं असं काही वाटलं नाही. तेवढ्यात फोन वाजला आणि अक्कांचा आवाजच बदलला, कसला गोड, जसं काही पलीकडचा माणूस त्यांच्याच घरचा पाहुणा. मला मात्र हाताने "जा जा" चाललेलं.

"तू जा. आम्ही आमचं बघतो," फ्लोसीबाय म्हणाल्या.

४ डिसेंबर

आकडे बघितले आणि डोकंच फिरलं. सगळं हॉस्पिटल वाचतंय. औषधांच्या दुकानात वाचतात, लॅबमध्ये वाचतात, ड्रायव्हरसुद्धा 'बिघाड' उघडून बघतो. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या खोलीत फक्त फ्लोसीबाय. रोज सकाळी, फोन सुरू व्हायच्या आधी, एकट्या फ्लोसीबाय. अक्कांच्या नावापुढे भोपळा. रुखियाच्या नावापुढेही भोपळा.

मी सोनाराचा पोरगा, आमच्याच जातीची म्हण आठवली. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

१२ डिसेंबर

मुद्दाम काहीतरी निमित्त काढून फोनच्या खोलीत गेलो. रुखिया कुणाला तरी सांगत होती, "हाडांचे डॉक्टर या आठवड्यात नाहीत, त्यांच्या जागी दुसरे आहेत, पण जुनी फाइल आणा हं." मी काल लिहिलेलं जसंच्या तसं, जुन्या फाइलीसकट! आणि हिच्या नावापुढे भोपळा. फ्लोसीबाय सांगत असतील. हे म्हणजे एकीने अभ्यास करायचा आणि दुसरीने वही बघून उतरवायचं.

अक्का तर वर चिडवायला लागल्या. "काय रे, डोळ्यांचा विभाग 'तूर्तास' बंद म्हणे. तूर्तास म्हणजे किती? फोनवरची म्हातारी विचारते, तूर्तास म्हणजे सोमवार की गुरुवार?"

"तुम्हाला कुणी सांगितलं मी तूर्तास लिहिलंय ते?"

"अय्यो, आम्हाला काय कान नाहीत?" तिघी हसायला लागल्या. मी रागातच वर आलो. 'तूर्तास' काढून तारीख मात्र घातली.

२४ डिसेंबर

फ्लोसीबायनी नाताळचा फराळ, कुस्वार आणला. नेवऱ्या, कुलकुल, आणि ते दाताला चिकटणारं काहीतरी. हॉस्पिटलभर वाटला, मला सगळ्यांत मोठी पुडी. "आमच्या खोलीत तुझं नाव रोज निघतं," म्हणाल्या. मला ते टोचूनच बोलल्यासारखं वाटलं.

डायलिसिसच्या बाहेर बाकावर मोनप्पण्णा बसले होते, अक्कांचे यजमान. पूर्वी बंदरावर मच्छीमार बोटीवर होते, आता दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. दर सोमवार-गुरुवार येतात. स्टाफच्या घरच्या माणसाला डायलिसिस मोफत, म्हणून चाललंय. मी नेवरी पुढे केली तर म्हणाले, "डॉक्टर मारतील." मग अर्धी घेतली.

"मागची लिफ्ट दुरुस्त झाली म्हणे. बरं झालं. जिने चढून जीव जायची वेळ आली होती."

लिफ्टचं तर मी आजच सकाळी टाकलं होतं. म्हटलं, बघितलंत वाटतं. तर म्हणाले, "छे, हिने सांगितलं ना सकाळी. हिला सगळं ठाऊक असतं. हिची ही खुर्ची आहे तोवर मी आहे बाबा." आणि हसले. मला हसू आलं नाही.

९ जानेवारी

हेब्बार सरांनी केबिनमध्ये बोलावलं. गरम बन्स मागवले होते. ब्लॉगची फार तारीफ केली, ट्रस्टच्या बैठकीतही विषय निघाला म्हणे. मग म्हणाले, "आचार्य, कोण वाचतं, कोण वाचत नाही, ते आपल्याला दिसतं ना? विभागवार द्या की. जे वाचतात त्यांना शाबासकी देऊ."

"आणि जे वाचत नाहीत?"

"त्यांना जरा समजावू. दुसरं काय करणार?"

मला बरंच वाटलं. अक्कांना कुणीतरी समजवायलाच हवं. माझं ऐकत नाहीत, सरांचं ऐकतील. तिथेच बसून आकडे काढून दिले. सरांनी फोनच्या खोलीचा कागद तेवढा वेगळा काढून ठेवला. विचारलं, "म्हणजे या तिघींतली एकच अद्ययावत असते?" मी म्हटलं, हो, आकडे तरी तसंच म्हणतात.

बन उत्तम होता. घरी येऊन अम्माला सांगितलं तर तिने विचारलं, "त्या जलजाक्षीला विचारलंस का, का वाचत नाहीस म्हणून?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, दिसतंय ना! ती भांडी आपटायला लागली.

३१ जानेवारी, रविवार

दुपारी हेब्बार सरांचा फोन. उद्यापासून चौकशीचे तीन नंबर बंद. एकच नंबर, तो फ्लोसीबाय घेतील. त्या नसतील तेव्हा ध्वनिमुद्रित आवाज. 'संपर्क' पान आजच बदला म्हणाले, आणि तुमची ती पोस्टही टाका, 'फोन आणि पत्ते' कप्प्यात, म्हणजे विभागांचा गोंधळ नको.

"आणि अक्का? रुखिया?"

"त्या सेवेत नसतील. ट्रस्टने ठरवलंय. तुमच्या आकड्यांनी फार सोपं झालं बघा."

मी विचारलं, त्यांना माहीत आहे का? तर म्हणाले, "पत्रं कालच तयार झाली, पाठवलीत." मोनप्पण्णांचं विचारायला तोंड उघडलं, पण मागे कुणीतरी बोलत होतं आणि सर म्हणाले, "मार्चचं तुमचं बघतोच आहे मी." फोन बंद.

पान बदललं. पोस्ट लिहिली. चार ओळींची, पण सगळी दुपार गेली. नावं घालू की नको? पण 'संपर्क' पानावरून कुणाचं नाव काढलं की पोस्टमध्ये तसं लिहायचं, हा नियम मीच केलाय. शेवटी लिहिलं, 'जलजाक्षी पुजारी आणि रुखिया बानू आता सेवेत नसल्याने त्यांची नावे काढली आहेत.' सकाळच्या नेहमीच्या वेळेला लावून ठेवली.

फार वाईट वाटतंय. अक्कांना फोन करावा असं दहादा मनात आलं. पण काय बोलू? पत्र मिळालंच असेल. निदान माझ्या पोस्टवरून कळायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. त्या कुठे वाचतात!

१ फेब्रुवारी

देवा!

सकाळी वर बसलो होतो. खाली फोन वाजत होते, वाजतच होते, आणि कुणी उचलत नव्हतं. आमच्या हॉस्पिटलात असं कधी होत नाही. धावत खाली गेलो. खोलीत रुखिया टेबलावर डोकं ठेवून रडत होती. अक्कांची खुर्ची रिकामी. फ्लोसीबाय कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेल्या, पडद्यावर माझी पोस्ट.

"पत्र?" मी विचारलं.

"कसलं पत्र?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं. माझ्याकडे न बघता, त्यांच्या त्या स्वच्छ आवाजात.

पहिल्या दिवसापासून त्या तिघी पोस्ट एकत्र वाचतात. कॉम्प्युटर एक. दर वेळी नाव बदला, पासवर्ड घाला, तोवर फोन सुरू होतात. अक्कांना पडद्यावरचं दिसत नाही, हे तर मला शिकवतानाच कळायला हवं होतं. म्हणून फोन सुरू व्हायच्या आधी चहा ठेवायचा आणि फ्लोसीबायनी मोठ्याने वाचायचं, तुळूत, सगळे कप्पे. फ्लोसीबाय रविवारी चर्चमध्ये बायबलमधला पाठ वाचतात. पाठ संपला की वाचणारा म्हणतो, "हा प्रभूचा शब्द," आणि लोक म्हणतात, "देवाला धन्यवाद." तीच त्यांनी इथे गंमत केली. पोस्ट संपली की फ्लोसीबाय म्हणायच्या, "हा उमेशाचा शब्द." आणि बाकीच्या दोघी हात जोडून, "उमेशाला धन्यवाद." मग अक्का सगळं घोकायच्या. एकदा ऐकलं की त्यांच्या डोक्यात पक्कं.

"मी वाचताना पुढचं बघून ठेवत नाही," फ्लोसीबाय म्हणाल्या. "चर्चमध्येही नाही. आधी बघितलं की सूर जातो. आजही तशीच वाचत गेले. एकच नंबर राहील, वाचलं. तो फ्लोसी घेतील, वाचलं, हसलेसुद्धा मी. मग जलजाक्षी पुजारी आणि... तिचं नाव माझ्या तोंडून गेलं रे उमेश. परत कसं घेऊ? वाक्य संपेपर्यंत मी वाचत गेले."

"अक्का काय म्हणाल्या?"

"शेवटचं ते माझ्याच्याने म्हणवेना. तर तीच म्हणाली, 'उमेशाला धन्यवाद.' टोमणा मारला नाही तिने, तसं समजू नकोस. सवय, दुसरं काय. मग उठली आणि मोनप्पाजवळ जाऊन बसली. आज सोमवार ना."

डायलिसिसच्या दारापर्यंत गेलो. काचेतून दिसल्या. त्यांनी मोनप्पण्णांचा हात धरला होता आणि काहीतरी सांगत होत्या, मोनप्पण्णा हसत होते. म्हणजे सांगितलं नव्हतं. मी आत गेलो नाही.

दुपारी अक्का परत आल्या आणि हेडसेट घालून बसल्या. रुखिया म्हणाली, "अक्का, आता कशाला?" तर म्हणाल्या, "पत्र हातात पडेपर्यंत मी इथलीच. उचल तो फोन, कुणीतरी ताटकळलंय." पत्रं टपालाच्या ट्रेमध्ये पडली होती, शनिवारपासून. चार वाजता शिपायाने आणून दिली.

२ फेब्रुवारी

हेब्बार सरांपुढे उभा राहिलो. सगळं सांगितलं, एक कॉम्प्युटर, मोठ्याने वाचणं, सगळं. म्हटलं, सर, माझे आकडे खोटे आहेत, त्या तिघी रोज वाचत होत्या, सगळ्या हॉस्पिटलात त्यांच्याइतकं कुणीच वाचत नव्हतं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "एकीने वाचून सगळ्यांना कळतं, म्हणजे एकच पुरते, असंच झालं ना?"

मी म्हटलं, निदान मोनप्पण्णांचं डायलिसिस चालू ठेवा. तर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत ठेवतो. तुम्ही म्हणताय म्हणून." वर माझ्यावरच उपकार! मला त्यांच्या तोंडावर राजीनामा फेकायचा होता. फेकला नाही. अम्माची औषधं, बेंगळूरूचे ते रिकामे महिने, सगळं आठवलं आणि "थँक्यू सर" म्हणून बाहेर आलो. किती हलकट माणूस आहे मी.

७ फेब्रुवारी

अक्कांकडे जायला निघालो. त्या बेंगरेला राहतात, बंदरावरून होडीने पलीकडे. अम्माने फणसाचे पापड दिले होते, "जा, पाया पड तिच्या," म्हणाली. धक्क्यावर उभा राहिलो. होडी आली, भरली, गेली. पुन्हा आली. होडीवाल्याने हाक मारली, "अण्णा, यायचंय की नुसती हवा खायचीय?" बायका हसल्या. मी परत फिरलो. पापड अम्मापुढे ठेवले. तिने ते परत डब्यात भरले. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

फ्लोसीबाय पूर्वी कुणाला ओरडायच्या नाहीत, आता कोकणीत ओरडतात. एकटीला झेपत नाही. ध्वनिमुद्रित आवाजाला लोक शिव्या देतात, म्हातारी माणसं त्याला प्रश्न विचारत बसतात आणि उत्तर येईना की फोन ठेवतात. ट्रस्टकडे तक्रारी गेल्या. म्हणून हेब्बार सरांनी हुकूम काढला, आचार्यांनी सकाळचे दोन तास फोनवर बसावं. वेबसाइटचं सगळं त्यांना पाठ आहेच. आज पहिला दिवस. अक्कांच्याच खुर्चीवर बसावं लागलं.

पहिल्या फोनलाच गडबड झाली. एका बाईला न सांगताच होल्डवर टाकलं, ती गेली. दुसऱ्याला दोन वेगळ्या वेळा सांगितल्या. फ्लोसीबाय नुसत्या बघत होत्या. माझ्याशी त्या कामापुरतंच बोलतात.

तिसरा फोन उचलला. "नमस्कार, चौकशी विभाग."

"नमस्कार. डायलिसिसचा दर विचारायचा होता. बाहेरच्या पेशंटसाठी."

तोच तो गोड आवाज.

"अक्का," मी म्हटलं.

"कोण, उमेशा? तुला बसवलं काय रे तिथे? अय्यो देवा." खरंच हसल्या. "आवाज किती चढवून बोलतोस! समोरचा आधीच घाबरलेला असतो. हळू बोल. आणि कागद बघायचा असला की आधी सांगायचं, 'जरा थांबा हं.' एकदम गप्प व्हायचं नाही, माणसाला वाटतं फोन तुटला."

"अक्का, मी... मला ठाऊक नव्हतं, तुम्ही सगळ्या..."

"दर सांग आधी. मागे दुसरा फोन वाजतोय बघ."

कागद बघायची गरज नव्हती. नवा दर मीच गेल्या आठवड्यात टाकला होता, 'दर' कप्प्यात. सांगितला. पलीकडे त्या आकडा हळू आवाजात पुन्हा म्हणाल्या, पाठ करताना म्हणतात तसा. मग म्हणाल्या, "आठवड्यातून दोनदाचं एकदावर आणलं तर चालतं का, ते डॉक्टरांनाच विचारावं लागेल ना?"

"हो अक्का. डॉक्टरांनाच."

"बरं. आणि हा दर पुढे बदलला तर कसं कळेल रे? तुझा तो ब्लॉग आम्हा बाहेरच्यांना दिसतो का? शेजारचा मुलगा वाचून दाखवेल मला."

"नाही अक्का. तो फक्त स्टाफला दिसतो."

"हो का? बरं बरं," त्या म्हणाल्या. "मग मी फोनच करत जाईन."